साफ केलेला आवाज

चौफुल्याच्या एसटी थांब्यावर आजही एखादा जुना माणूस भेटतो आणि हसत विचारतो, "काय भाई, जोडाजोडी चालू हाय का?" मी उत्तर देत नाही. दिलं तर भांडण होतं, आणि माझी भांडणं लवकर मिटत नाहीत हे मला आणि माझ्या रक्तदाबाच्या डॉक्टरला ठाऊक आहे. ज्या जोडाजोडीबद्दल हा माणूस हसतो ती मी केलेलीच नाही. केली, असं मी सगळ्या गावासमोर बोललो, तेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, ते एकदा नीट लिहून काढायचं आहे.

माझं गाव कासुर्डीच्या आतल्या बाजूला, कालव्याच्या अंगाला. दुकान मात्र शिरूरला, एसटी स्टँडमागच्या गल्लीत. घरून मला मिळालं काय, तर एक सायकल आणि कोणाचं ऐकून न घेणारा स्वभाव. त्या सायकलच्या कॅरिअरला कर्णा बांधून मी लग्नं केली, बारशी केली, निवडणुकांचा प्रचार केला. पुढं अ‍ॅम्प्लिफायर घेतला, मग कॅसेट भरून द्यायचं दुकान टाकलं, आणि कॅसेटी खपेनाशा झाल्या तेव्हा पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन कॉम्प्युटर आणला. तिथल्या दुकानदाराला मी सकाळी शटर वर होताच गाठलं आणि त्याची जेवायची वेळ टळेपर्यंत सोडलं नाही. ठरल्या किमतीत हेडफोन काढला, वायरी काढल्या, आवाज कापायचं सॉफ्टवेअर असलेली सीडी काढली, आणि निघताना त्यालाच म्हणालो, "आज तुमचा फायदा झाला." त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. दमला होता.

ते सॉफ्टवेअर मला कोणी शिकवलं नाही. एकेक बटण दाबून, बिघडवून, परत दाबून शिकलो. आवाज डोळ्यांनी दिसतो, असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दिसतो. काळ्या पडद्यावर हिरवी रांग उमटते. माणूस मोठ्यानं बोलला की डोंगर, हळू बोलला की टेकाड, गप्प बसला की सरळ रेघ. याला वेव्हफॉर्म म्हणतात. मशीन एका सेकंदात हजारो वेळा आवाजाचं माप घेतं. किती वेळा घेतं तो सॅम्पल रेट. मापं कमी घेतली की फाईल लहान होते, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. माईक तोंडात घालून ओरडणाऱ्या पुढाऱ्यांचे डोंगर माथ्यावर छाटल्यासारखे सपाट यायचे. ते क्लिपिंग. एकदा माथा छाटला गेला की तो परत मिळत नाही, नंतर आवाज कितीही कमी करा, फाटका तो फाटकाच. सगळ्यात उंच डोंगर वरच्या रेघेला टेकेपर्यंत सगळं मिळून वर उचलायचं, ते नॉर्मलाइझ. हळूहळू सुरू करायचं ते फेड-इन, हळूहळू मिटवायचं ते फेड-आऊट. नको तो तुकडा माऊसनं निवडून उचलायचा तो कट, दुसरीकडं बसवायचा तो पेस्ट. आणि हात चुकला तर अनडू.

पण अनडू फाईल उघडी असेपर्यंतच. सेव्ह करून बंद केली की नवं जुन्याच्या उरावर बसतं आणि जुनं कुठंच राहत नाही. आजची पोरं मला सांगतात, "काका, मूळ फाईल कायम वेगळी ठेवायची असती." त्यांनी माझी तेव्हाची हार्डडिस्क बघावी आणि मग बोलावं. एका लग्नाचा आवाज भरला की ती पोट धरून बसायची. एकाच फाईलच्या दोन प्रती ठेवणं म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं.

गिऱ्हाईक समोर बसलं की मी पडदा त्याच्याकडं फिरवायचो. दाखवल्याशिवाय माणूस खिशात हात घालत नाही. एका लग्नात सूत्रसंचालक नवरीच्या मामाचं नाव घ्यायला विसरला होता आणि मामा रुसून बसला होता. त्याच सूत्रसंचालकाच्या दुसऱ्या लग्नातल्या कॅसेटमधून मी ते नाव उचललं, मानकऱ्यांच्या यादीत बसवलं, आणि मामा सीडी ऐकून खूश झाला. बाजारला आलेले आमच्या गावचे लोक दुकानात टेकायचे, त्यांना मी ही करामत पडद्यावर करून दाखवायचो. यात लपवण्यासारखं काय होतं? रुसवा निघाला, सोयरीक टिकली. पण लोक करामत लक्षात ठेवतात आणि ती कशासाठी केली ते विसरतात.

आता वाटेचं सांगतो.

आमच्या गावात मुसलमानांची घरं थोडी, पण जुनी. कबरस्तान गावाबाहेर, आणि गाव नि कबरस्तान यांच्या मध्ये आप्पांचा मळा. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सोसायटी त्यांच्या शब्दावर चालायची आणि उसाची तोडही त्यांच्या शब्दावर यायची. पूर्वी मळ्याच्या उगवतीच्या बांधावरून वाट होती. दरवर्षी नांगर बांधाकडं थोडा सरकायचा, तशी वाट बारीक होत गेली, आणि शेवटी उरली ती उसाची सरी. जनाजा खांद्यावर घेऊन माणसं उसातून जायची. पाचटीनं तोंडं कापायची, पाणी सोडलेलं असलं तर पाय रुतायचे. माझ्या स्वतःच्या अम्माला नेताना पुढचा माणूस घसरला आणि जनाजा एका बाजूला कलला. तो कलताना मी पाहिला आहे. पुढचं काही मला नीट आठवत नाही, फक्त मी कोणाला तरी शिव्या देत होतो आणि ज्याला देत होतो तो तिथं नव्हता.

माझे चुलते, त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं, आप्पांकडं दरवर्षी जायचे. आप्पा चहा पाजायचे आणि म्हणायचे, "बघू की चाचा, आपलंच हाय." बघू म्हणणाऱ्या माणसाशी सौदा करता येत नाही, हे मला धंद्यात फार लवकर कळलं होतं. चाचांना ते कधीच कळलं नाही.

त्या वर्षीच्या यात्रेत कुस्त्यांच्या हगाम्याला स्पीकर माझाच होता. आमच्याकडं रीत अशी की सगळा हगामा कॅसेटवर भरायचा. कोणाची कुस्ती निकाली झाली, कोणी कोणाला बक्षीस लावलं, हे सगळं माईकवर पुकारलं जातं, आणि ज्याचं नाव पुकारलं त्याला ते घरी बसून परत ऐकायचं असतं. मूळ कॅसेट यात्रा कमिटीकडं जमा करायची, हीही रीत. कमिटीचे प्रमुख होते त्यांना आम्ही मामा म्हणायचो. मवाळ बोलणारा, सगळ्यांशी गोड असणारा माणूस. अशा माणसांपासून मी चार हात लांब राहतो, पण गावचं काम म्हणून त्यांच्याशी संबंध यायचा.

शेवटची मानाची कुस्ती आप्पांच्या पुतण्यानं मारली. नगरकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाला त्यानं चीतपट केलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन आखाड्याला फेरी मारली, हलगीवाल्यांनी हलग्या फोडायच्या बाकी ठेवल्या, आणि फेटा गुलालानं माखलेले आप्पा माईकवर आले. मी अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसलो होतो, हात आवाजाच्या खटक्यावर. आप्पा बोलताना माईक जवळ घ्यायचे, माथे छाटले जायचे, म्हणून मी आवाज आधीच जरा खाली ओढला.

"ऐका," आप्पा म्हणाले. "आज मी लई खूश हाय. आमच्या गावातल्या मुसलमान मंडळींना कबरस्तानला जायला वाट न्हाई. त्यांच्या मय्यती उसातनं जात्यात. हे मला बघवत न्हाई. माझ्या मळ्याच्या उगवतीच्या बांधानं बैलगाडी जाईल एवढी वाट मी दिली."

हलगी कडाडली. ती थांबेपर्यंत आप्पा थांबले.

"कायमची दिली. माझ्या पोरांनीबी मोडायची न्हाई."

परत हलगी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा आखाड्याच्या कडेला बसले होते, ते उठून आप्पांजवळ गेले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. माईक चालूच होता. "आप्पा, अल्लाह बरकत देवो. सवडीनं तलाठ्याकडं जाऊन नोंद करून घेऊ," असं चाचा म्हणाले. आप्पांचा चेहरा उतरला.

"चाचा, चार गावं ऐकत्यात. कागद कशाला पाहिजे? माझ्या तोंडावर इस्वास न्हाई का?"

"तसं न्हाई आप्पा."

"मग झालं तर."

चाचांच्या जागी मी असतो तर तिथंच तलाठ्याला आखाड्यात बोलावलं असतं. हगामा बघायला तोही आलाच होता. पण चाचा मोठे, आणि मोठ्यांच्या पुढं होऊन बोलायची आमच्याकडं पद्धत नाही.

कॅसेट घेऊन मी शिरूरला आलो. मागोमाग मामांचा फोन. "भाई, सीड्या करायच्यात. आप्पांचं भाषण आन् पुतण्याची कुस्ती येकदम क्लिअर पाहिजे. मागचा गोंगाट काढून टाका. त्यो जनरेटर तर डोक्यात जातोय." गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. मी कॅसेट कॉम्प्युटरवर भरून घेतली आणि बसलो.

गोंगाट काढायची रीत सोपी असते. कोणी बोलत नाही, नुसता जनरेटर घुमतोय, असा एक तुकडा निवडायचा आणि सॉफ्टवेअरला दाखवायचा, की हा बघ, हा नको. मग ते सगळ्या फाईलमधून तसला घुमारा वजा करतं. याला नॉइज रिडक्शन म्हणतात. हलगी मात्र तशी निघत नाही, कारण ती सारखी वाजत नाही, मध्येच कडाडते. म्हणून दोन वाक्यांच्या मधली जागा निवडायची आणि सायलेन्सचं बटण दाबायचं. तिथं सरळ रेघ होते. रिकामी जागा फार लांबली तर थोडी कापून टाकायची, ते ट्रिम. भाषणानंतरचं चाचांचं नि आप्पांचं कागदाचं बोलणं सीडीत शोभेना, तेही कट केलं. हे सगळं मी मन लावून केलं. आप्पांचा आवाज असा आला की कोणी बंद खोलीत बसून बोलावं. फाईल जुनीच्या उरावरच सेव्ह केली, सीड्या काढल्या, मूळ कॅसेटीसकट मामांकडं पोचत्या केल्या. मामा म्हणाले, "काय साफ झालाय आवाज." त्यांच्या तोंडून निघालेलं हे एक वाक्य मी विसरणार नाही.

पावसाळा आला. वाट अजून कोणी काढली नव्हती, ऊस तसाच उभा होता, पण सगळे निवांत होते, आप्पांनी शब्द दिलाय म्हणून. तेवढ्यात एक दलाल गावात फिरायला लागला. कुरकुंभच्या कुठल्या कंपनीला माल ठेवायला गोडाऊन हवं होतं. आप्पांचा मळा त्याला पसंत पडला आणि त्यानं एकच सांगितलं, जमिनीतून कोणाची वाट असली तर आम्हाला नको. त्याच दिवसांत आमच्यातली एक म्हातारी वारली. चाचा आप्पांकडं गेले, की तेवढा बांधाकडचा ऊस काढून द्या, मय्यत न्यायची आहे.

आप्पा म्हणाले, "कसली वाट?"

म्हातारीला उसातूनच न्यावं लागलं. चाचांचा मला फोन आला, त्यांनी आप्पांचे ते दोन शब्द सांगितले आणि फोन ठेवला. मी दुकान तसंच बंद केलं, सीडी आणि वाजवायचं यंत्र घेतलं, न्हावऱ्यामार्गे मिळेल त्या गाडीनं गावात आलो आणि सरळ सोसायटीच्या ओट्यावर गेलो. आप्पा तिथंच बसलेले होते, मामा शेजारी, आणखी बरीच मंडळी. मी कोणाला रामराम केला नाही. सीडी लावली.

"...बैलगाडी जाईल एवढी वाट मी दिली. कायमची दिली. माझ्या पोरांनीबी मोडायची न्हाई."

आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परत लाव."

मी परत लावली. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं, जसं बैल घेताना दातांकडं बघतात तसं.

"आवाज माझाच हाय," ते म्हणाले. "पर हलगी कुठं हाय?"

"काय?"

"मी हगाम्यात बोललो म्हंतोस. माझा पुतण्या मानाची कुस्ती मारून आलाय. आन् हलगी न्हाई? जनरेटर न्हाई? येक माणूस खोकत न्हाई? आखाड्यात मी बोललो का बाथरूममधी?"

लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "भाईनं त्या नवरीच्या मामाचं नाव न्हाई का बसवलं लग्नात? तसंच."

"तसंच," आप्पा म्हणाले. "इथला वाट शब्द, तिथला दिली शब्द. काम्प्युटर हाय बाबा, त्याला काय अवघड हाय."

मी समजावून सांगायला गेलो. जनरेटर मी काढला, कारण मामांनी काढायला सांगितला. हलगी वाक्यांच्या मध्ये होती, तिथं सायलेन्स केलं. मूळ कॅसेट ऐका, तिच्यात जनरेटर एका दमात सलग घुमतोय. शब्द जोडले असते तर प्रत्येक जोडापाशी तो घुमारा तुटला असता. हे मी शांतपणे सांगायला हवं होतं असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय जातं. ज्यांनी ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या, ती माणसं समोर बसून जमिनीकडं बघत होती. मी एकेकाची हनुवटी धरून विचारलं, "तुम्ही होता ना तिथं? तुम्ही ऐकलं ना?" एक म्हणाला, "लई गर्दी होती भाई." दुसरा म्हणाला, "मी तवा पाण्याला गेलतो." मी आवाज चढवला, आप्पांच्या तोंडावर त्यांना खोटारडे म्हणालो, आणि मामांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं.

"मामा, कॅसेट द्या," मी म्हणालो.

"शोधतो."

"शोधायची काय? तुमच्या कपाटात हाय."

"व्हय, शोधतो ना."

शिरूरला परत आल्यावर मी जेवलो नाही. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्याकडं बाकीच्या यात्रांच्या कॅसेटी हायत ना?"

"हायत."

"त्यातला जनरेटर घ्या. त्यातली हलगी घ्या. ते मिक्सिंग का काय म्हणता ते करा आन् द्या लावून आप्पांना. एवढं येतंय ना तुम्हाला."

येत होतं. एका ट्रॅकवर आप्पा, दुसऱ्यावर जनरेटर, तिसऱ्यावर हलगी. तिन्ही एकावर एक ठेवले की आखाडा उभा राहिला असता आणि आप्पांना तोंड उघडायला जागा उरली नसती. पण माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. खरं वाक्य खरं ठरवायला मी खोटी हलगी लावायची? मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "मग बसा उपाशी."

कॅसेटीसाठी मी मामांकडं फेऱ्या घातल्या. आयुष्यभर मी सौदे केले आहेत. समोरच्याला काय हवंय ते आधी हुंगायचं, मग ते आपल्याकडं आहे असं दाखवायचं, ही माझी रीत. मामांना काहीच नको होतं. चहा घ्या म्हणायचे, बसा म्हणायचे, कपाटाची किल्ली सुनेकडं आहे म्हणायचे, सून माहेरी गेलीय म्हणायचे. ज्याला काही विकायचं नाही त्या माणसापुढं माझ्यासारखा माणूस आंधळा होतो.

मग गोडाऊनवाल्यानं पाटसकडं जागा घेतली आणि आमच्या गावात फिरकेनासा झाला. आप्पांना आता वाट अडवून ठेवायचं काही कारण उरलं नाही. उरली ती फक्त मिशी. त्यानंतर एके दिवशी मामा स्वतः शिरूरला आले. माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीसमोर. तेव्हा मला कळलं की आता त्यांना काहीतरी हवंय.

"आप्पा वाट द्यायला तयार हायत," मामा म्हणाले.

"कोणती? जी त्यांनी दिलीच न्हाई ती?"

"आता ऐकून तर घ्या. आप्पांनी सगळ्यांसमोर न्हाई म्हणलंय. आता हो कसं म्हणायचं? त्यांचीबी इज्जत हाय. तुम्ही फक्त येवढं म्हणा, की ते वाक्य तुम्ही काम्प्युटरवर जोडलं होतं. चुकलं म्हणा. मग आप्पा मोठ्या मनानं म्हणतील, जाऊ द्या, पोर चुकलं, पर मय्यतीला वाट पाहिजे, मी देतो. दोघांचंबी राहतंय."

"माझं काय राहतंय, मामा?"

"वाट राहती की."

मी त्यांना दुकानातून हाकलून दिलं. खरंच हाकललं, चप्पल घालू दिली नाही. पण पुढच्याच बाजारला चाचा आले. दम लागला होता, स्टुलावर बसले, पाणी प्यायले. त्यांनी समजूत काढली नाही, हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मेरा भी दिन नजीक आया रे. तेरे नाम का मय क्या करूं? मय्यत को रस्ता होना."

अम्माचा जनाजा कललेला मला दिसला. चाचा माझ्याकडं बघत राहिले, आणि मी काय ठरवलं ते त्यांना कळलं असावं, कारण ते लगेच उठले.

मग मी सौदा केला, जसा मला येतो तसा. मामांना निरोप धाडला, की आधी मोजणी, आधी बांधाला दगड, आधी सातबाऱ्याच्या इतर हक्कात वाटेची नोंद. नोंद मंजूर झाली की मी बोलीन, एक दिवसही आधी नाही. मामा म्हणाले, आप्पा आधी बोलणं मागतायत. मी म्हणालो, मग राहू द्या, ओट्यावरचं भांडण मी कोर्टात नेतो आणि तिथं तुम्हाला शपथेवर विचारतील, कॅसेट कुठाय. मामांना घाम फुटला. मी आणखी मागितलं. वाटेवरचा ऊस आप्पांनी स्वतःच्या माणसांकडून काढून द्यायचा, आणि कालव्याच्या चारीवर नळ्या टाकून द्यायच्या, म्हणजे पावसाळ्यात पाणी तुंबणार नाही. तेही कबूल झालं. शेवटी मी कॅसेट मागितली. तेवढ्यावर मामा अडले. म्हणाले, "ती आता माझ्याकडं न्हाई, आप्पांकडं हाय." म्हणजे तोवर कपाटात होती. इतके दिवस सून माहेरी होती, आणि कॅसेट कपाटात होती.

नोंद झाली. तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन उतारा मी स्वतःच्या हातात घेतला, चारदा वाचला आणि मग गावात गेलो. सोसायटीचा तोच ओटा. या वेळी माणसं जास्त होती, बायकाही लांब उभ्या होत्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ते वाक्य मी कॉम्प्युटरवर जोडलं होतं."

मामांनी मला खुणेनं सांगितलं, पुढं बोला. चुकलं म्हणा. ते ठरलं होतं. मी म्हणालो नाही. आप्पांनी थोडी वाट बघितली, मग मोठ्या मनानं हात वर केला. "जाऊ द्या. आपल्याच गावचं पोर हाय. मशीन आल्यावर माणसाला मोह होतो. वाट मी माझ्या मनानं दिली हाय, कोणाच्या सीडीवर न्हाई." हलगी नव्हती, पण टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणारे तेच. हगाम्यात वाजवल्या होत्या तेच हात.

त्या दिवसापासून मी जोडाजोडीवाला. पुढच्या यात्रेचा स्पीकर दुसऱ्याला गेला. शेजारच्या गावांत पोलीस पाटलापासून पुजाऱ्यापर्यंत कोणी रेकॉर्डिंगला बोलावलं की शेजारचा म्हणायचा, जपून, हा शब्द बदलतो. शिरूरच्या बाजारात माझ्या तोंडावर म्हणालेत. मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला पडदा फिरवून दाखवणं बंद केलं, तर म्हणाले, बघा, आता लपवतो. एकाला मी कॉलर धरून दुकानाबाहेर काढला. तो माझ्या मुलीच्या सासरचा निघाला. ते प्रकरण निस्तरायला वर्ष गेलं.

काही वर्षांनी चाचा गेले. नवी वाट झाल्यापासून बऱ्याच मय्यती तिच्यावरून गेल्या होत्या, पण मी त्यांतल्या एकीलाही गेलो नव्हतो. चाचांना मात्र खांदा द्यायलाच हवा होता. बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट, दोन्ही बाजूंना दगड, चारीवर नळ्या. कोणाचा पाय रुतला नाही. जनाजा पाण्यावरून जावा तसा सरळ चालला होता. आमच्याकडं खांदा द्यायला सगळं गाव येतं, तसे आप्पाही आले. मळ्याच्या कोपऱ्याला त्यांनी डोक्यावर उपरणं घेतलं आणि माझ्या शेजारच्या दांड्याला खांदा लावला. मध्ये चाचा, एका बाजूला मी, एका बाजूला आप्पा. पाठीमागं माणसं कलमा म्हणत होती.

आप्पा समोर बघत हळू आवाजात म्हणाले, "वाट बरी झाली, भाई."

मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही बोलला होता."

"बोललो होतो की," आप्पा म्हणाले. "मला काय आठवत न्हाई व्हय? हलगी बी वाजत होती."

माझ्या खांद्यावर चाचा होते. मी काय करणार? थांबता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, पावलं इतरांबरोबर टाकावी लागत होती. पुढं कोणीतरी खांदा बदलायला आला आणि आप्पा बाजूला झाले.

दफन झालं, फातिहा झाला. मी परतीच्या वाटेवर आप्पांना गाठलं. ते पंपाची मोटर चालू करायला निघाले होते. मी म्हणालो, "आत्ता जे बोललात ते सोसायटीच्या ओट्यावर बोला. एकदाच बोला."

"आता कशाला?" ते म्हणाले. "वाट हाय की." आणि उसाच्या कडेनं मोटारीच्या खोलीकडं गेले.

मी तिथंच उभा राहिलो. मय्यतीची माणसं शेजारून जात होती. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालं, "भाई, रडू नका, चाचांचं वय झालं होतं." रागानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून त्याला तसं वाटलं. मी त्याचा हात झटकला. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, चारीत पाणी आलं आणि नळ्यांतून वाटेखालून निघून गेलं.